ना नांदवणं, ना सोडणं

कोल्हापूरजवळच्या उचगावसारख्या गावात लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत माहेरी परतलेल्या मुलीच्या घरी चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं, "बोलणी सुरू आहेत." ही बोलणी कधी सहा महिने चालतात, कधी सहा वर्षं. मुलगी गांधीनगरच्या एखाद्या कापड दुकानात कामाला लागते. तिचं पोर अंगणवाडीतून शाळेत जातं. ‘आधी हिचं काहीतरी मार्गी लागू दे’ म्हणून धाकट्या भावाचं लग्न लांबतं. तिकडे नवराही मोकळा नसतो. शिरोलीच्या फौंड्रीत पाळ्या करून तो घरी येतो आणि आईच्या हातचं जेवतो, दुसरं लग्न करता येत नाही आणि पहिलं निभावायची इच्छा उरलेली नसते. कोर्टात काही दाखल नाही, कागदावर काही नाही. संसार मोडलेला आहे, पण मोडला असं म्हणायला दोन्हीकडचं कोणी तयार नाही.

घटस्फोटाने माणसं उद्ध्वस्त होतात असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे. माणसं खचतात ती या अधांतरी काळात. घटस्फोट झालेली बाई दुःखी असेल, पण उद्या काय करायचं ते तिला ठरवता येतं. माहेरी बसवलेल्या बाईला तेही करता येत नाही. म्हणून कौटुंबिक वकिलाची परीक्षा करायची असेल तर त्याने किती दावे जिंकले हे विचारू नये. त्याच्या पायरीवर आलेल्या माणसाचा लटकता काळ त्याने कमी केला की वाढवला, एवढंच विचारावं. पंचांची बैठक, नोटरीचा कागद, पोलीस तक्रार, पोटगीचा अर्ज, समजुतीचा घटस्फोट, सगळ्यांना हीच कसोटी लावून बघावी असं मला वाटतं.

2011 च्या जनगणनेने वैवाहिक स्थितीच्या रकान्यात घटस्फोटित आणि विभक्त असे दोन वेगळे गट मोजले. देशात घटस्फोटित म्हणून नोंदवलेली माणसं साडेतेरा लाखांच्या घरात होती आणि नुसती विभक्त राहणारी त्यांच्या अडीच-तीन पट. दोन्ही गटांत बायका पुरुषांपेक्षा जास्त. ‘घटस्फोट फार वाढले’ ही काळजी आपण लग्नाच्या मांडवात, टीव्हीवरच्या चर्चेत रोज ऐकतो. या कितीतरी मोठ्या गटाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, कारण त्यांच्या नावावर निकाल नाही, म्हणून बातमीही नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न पहिल्यांदा ठामपणे मांडला तो स्त्री-चळवळीने. संगमनेरला समता आंदोलनाने 1988 मध्ये परित्यक्तांची परिषद भरवली. त्या कामात अग्रभागी असलेल्या निशा शिवूरकर स्वतः वकील आहेत आणि पुढे त्यांनी ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक लिहिलं. इकडे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर परित्यक्तांना घर, रेशनकार्ड आणि जगण्याचं साधन मिळावं म्हणून झगडा केला. नवऱ्याच्या रेशनकार्डावरून नाव निघालेलं नाही आणि बापाच्या कार्डावर चढत नाही, ही अडचण कुठल्या कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ती त्या बायकांनी सांगितली तेव्हा कळली.

कोल्हापूरच्या माणसाला काडीमोड काही नवा नाही. इथल्या बहुजन जातींमध्ये रूढीने सोडचिठ्ठी होत आली, पाट लागत आले. हिंदू कोड बिलावरच्या वादात डॉ. आंबेडकरांनी नेमकं हेच दाखवून दिलं होतं, की घटस्फोटाने हिंदू धर्म बुडेल म्हणणारे मूठभर वरच्या जातींचा रिवाज सगळ्या समाजाच्या माथी मारत आहेत. बहुसंख्य हिंदू ज्या जातींत मोडतात, तिथे रूढीचा घटस्फोट होताच. त्याच्याही आधी, 1919 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या संस्थानाने आंतरजातीय विवाहाला कायद्याचं बळ दिलं, बायकांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला आणि त्याच सुमारास काडीमोडालाही नियमात बसवलं. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा आला 1947 मध्ये आणि देशाचा हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये. म्हणजे ज्या मातीत आज ‘आपल्यात सोडचिठ्ठी नसते’ असं ताठ मानेने सांगितलं जातं, त्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी एका राजाने ठरवलं होतं, की बाई सासरी सोसते की नाही हा केवळ घरातला मामला नाही. आपण त्या जाणिवेच्या मागे गेलो, पुढे नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रूढी मात्र आज एका धोकादायक रूपात उरली आहे. शंभर-पाचशेचा स्टॅम्प पेपर, त्यावर ‘आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत’, खाली दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. लोक तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि काम झालं असं समजतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 ने रूढीचा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरं, पण ती रूढी आपल्या जातीत आहे, जुनी आहे आणि आजही चालू आहे, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हे स्पष्ट सांगितलं. ते जमलं नाही तर त्या कागदाची किंमत शून्य. मग अशा कागदाच्या भरवशावर नवऱ्याने दुसरं लग्न केलं, की पहिली बायको कायद्याने बायकोच राहते आणि दुसरीचं लग्न मुळातच रद्द ठरतं. दुसरीला हे कधी कळतं? नवरा कारखान्यात अपघाताने गेला आणि भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरायची वेळ आली, की कळतं. दुसरीच्या मुलांना कायदा औरस मानतो, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतरही त्यांचा हक्क आईबापांच्या वाट्यापुरताच पोहोचतो. एका कागदाने दोन बायकांचं आणि पोरांचं आयुष्य अधांतरी राहिलं. असा कागद करून द्यायला नकार देणं, आणि तो का नको हे दोन्ही घरांना बसवून समजावणं, हे वकिलाचं कौटुंबिक कामच आहे, भले त्याची फी मिळो न मिळो.

बैठकीबद्दल मी हलक्या मनाने बोलणार नाही. देवळात किंवा चावडीपाशी दोन्हीकडची चार शहाणी माणसं बसतात, रात्री उशिरापर्यंत समजूत काढतात, त्यात खरा जिव्हाळा असतो. 15 ऑगस्ट 2007 ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा बांधाची आणि वाटेची कितीतरी भांडणं गावातच मिटली. नवरा-बायकोचं भांडण बांधाच्या भांडणासारखं नाही, ही अडचण आहे. बांध एकदा सरळ केला की सरळ राहतो. बैठकीत ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असा शब्द दिलेला माणूस घरी गेल्यावर एकटा असतो आणि त्याच्यासमोर ती एकटी असते. शब्द मोडला तर पंच काय करणार? पुन्हा बैठक. पुन्हा शब्द. पंचांकडे पोटगी वसूल करायचा अधिकार नाही, घरात राहण्याचा हुकूम द्यायचा अधिकार नाही, लग्न संपवायचा तर नाहीच. बैठकीची मुदत ठरवून घ्यावी, ठरलं ते लिहून घ्यावं, आणि मुदत संपली की थांबावं, एवढं वकिलाने सुरुवातीलाच सांगितलं तरी निम्मी वर्षं वाचतील.

आता वकिलाच्या कचेरीत येऊ. बाई सहसा एकटी येत नाही. सोबत वडील, मामा, भावकीतलं कोणी जाणतं माणूस. सगळे बोलतात, ती खाली बघून बसते. मामा म्हणतात, "त्यास्नी चांगला धडा शिकवायचा." वडील म्हणतात, "नांदवत्यात का बघा सायेब, न्हाईतर मोकळं करून टाका." कुशल वकील थोडा वेळ ऐकतो आणि मग म्हणतो, "मामा, तुम्ही आणि बाबा जरा बाहेर चहा घ्या. ताईंशी मला दोन मिनिटं बोलायचंय." दार लागल्यावर ती जे बोलते ते बाहेरच्यांपेक्षा वेगळं असतं. धडा शिकवणं तिच्या मनात नसतं, मोकळं होणंही अजून नसतं. "माझी दहावी-बारावीची मार्कलिस्ट तिकडंच राहिल्या. पोराचा जन्मदाखला बी तिकडंच हाय." तिला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा असतो आणि कागद अडकलेले असतात.

हे छोटं वाटेल, पण खटला इथून उभा राहतो. लग्नाची पत्रिका, फोटो, सराफाच्या पावत्या, रुखवताची यादी कोणी केली असेल तर ती, दवाखान्याचे कागद, मोबाईलमधले मेसेज. मेसेज नुसते दाखवून चालत नाहीत, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. नवरा-बायकोतलं चोरून केलेलं ध्वनिमुद्रणही अशा खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये म्हटलं. मला यात आनंद वाटत नाही. ज्या घरात दोघेही फोन चालू ठेवून बोलतात, तिथे समेटाचं बोलणं कोण करणार? अशिलाने रेकॉर्डिंग आणून टेबलावर ठेवलं म्हणून ते दाखल केलंच पाहिजे असं नाही. काय दाखल करायचं नाही हे ठरवण्यातही वकिली आहे.

आपल्याकडे वैवाहिक भांडणात शस्त्रांची जोडगोळी ठरून गेली आहे. नवऱ्याच्या बाजूने हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली ‘नांदायला येण्याचा’ दावा, बायकोच्या बाजूने जुन्या 498-अ ची, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 ची फिर्याद. नांदायला येण्याच्या दाव्याचा इतिहास मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. दादाजी भिकाजीने आपल्या बायकोवर, रखमाबाईवर, हा दावा मुंबईत 1884 मध्ये लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, 1887 मध्ये हुकूम झाला की तिने नवऱ्याकडे जावं नाहीतर तुरुंगात. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. सारा मराठी मुलूख या ना त्या बाजूने भांडला, लोकमान्य टिळक तिच्या विरोधी बाजूने. शेवट कसा झाला? 1888 मध्ये दादाजीने 2000 रुपये घेऊन हुकूम बजावायचा हट्ट सोडला, तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत-राजकोटला आयुष्यभर रुग्णसेवा केली. लग्नात अडकलेल्या एका माणसाला मोकळं केल्यावर काय घडू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण माझ्यापाशी नाही.

त्याला एकशे पस्तीसहून जास्त वर्षं झाली, तरी अशा दाव्याचं कलम 9 आज कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये ते घटनात्मक ठरवलं. नवऱ्याला खरोखर बायको परत हवी असते तेव्हा त्या दाव्यातून समुपदेशकासमोर बसून काही संसार जुळतातही. पण बऱ्याचदा तो दावा पोटगी चुकवायला असतो, ‘आम्ही बोलावलं होतं, तीच आली नाही’ हे रेकॉर्डवर आणायला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बरीच बुजवली. नांदायला जाण्याचा हुकूम पाळला नाही एवढ्यावरून बायकोची पोटगी बुडत नाही, न येण्यामागे योग्य कारण होतं का ते पाहावं लागतं. दुसऱ्या बाजूला, फिर्यादीत नवऱ्याबरोबर सासू, सासरा, पुण्यात राहणारी नणंद, तिचा नवरा अशी नावं ओळीने घातली जातात. ज्या बाईला मारहाण झाली तिची फिर्याद झालीच पाहिजे, त्यात कुचराई नको. पण जो वकील ‘सगळ्यांची नावं घाला, दबाव येतो’ म्हणतो, तो तिचा खरा मार हलका करून टाकतो. शिवाय ही फिर्याद कोर्टात आपसांत मिटवता येत नाही. तडजोड झाली तरी ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट 2025 पर्यंत त्यासाठी मुंबईची वारी होती. दबावासाठी टाकलेलं पाऊल अशिलालाच वर्षभर जास्त लटकवून ठेवतं.

सगळ्यात अवघड काम पैशाचं. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत निकाली काढावा असं 2001 च्या दुरुस्तीने सांगितलं. तोपर्यंत फौजदारी कायद्यातल्या पोटगीला केंद्राची महिना 500 रुपयांची मर्यादा होती, ती त्याच वर्षी गेली. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं. कागदावर चोख. उचगावात मात्र नवरा सांगतो, माझ्या नावावर काही नाही. आणि ते खोटंही नसतं. सात-बारा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर, घराचा उतारा आईच्या नावावर, उसाचं बिल वडिलांच्या खात्यात, फौंड्रीतली नोकरी ठेकेदाराकडची. इथे मुंबईच्या पुस्तकातली वकिली उपयोगाची नाही. दूध संस्थेत दर दहा दिवसांचं बिल कोणाच्या नावावर जमा होतं, घरात म्हशी किती, टेम्पो कोणाच्या नावावर आणि हप्ते कोण भरतो, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे का, सोसायटीचं कर्ज काढताना उत्पन्न किती लिहिलं, हे ज्याला विचारता येतं तोच वकील इथे पोटगी मिळवून देतो. आणि नवऱ्याच्या वकिलाचं कर्तव्यही तेवढंच मोठं आहे. ‘काही नाही म्हणून लिहा’ हा सल्ला म्हणजे अशिलाला खोट्या शपथपत्रात अडकवणं. बायकोही शिवणकामाचं किंवा दुकानातलं उत्पन्न लपवते, तिलाही तोच नियम.

मंजूर झालेली पोटगी हातात पडत नाही हा पुढचा पेच. थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे कितीतरी बायकांना माहीतच नसतं. वकिलानेही सांगितलेलं नसतं. दोन वर्षं ‘देतो, देतो’ ऐकत बसल्यावर पहिल्या वर्षाची रक्कम या मार्गाने वसूल होत नाही. तुरुंगात जाऊन आलं की पोटगी फिटली, असा नवऱ्यांचा समज असतो. तोही चुकीचा आहे, तुरुंगाने देणं फिटत नाही. आणि याहून मूळ गोष्ट अशी, की वीस वर्षं भांगलण केली, धारा काढल्या, सासू-सासऱ्यांचं केलं, तरी घटस्फोटाच्या वेळी त्या शेताघरात बाईचा मालकीचा वाटा आपल्या कायद्यात धरलेला नाही. तिला मिळते ती पोटगी, दुसऱ्याच्या मालमत्तेतून दिलेली. राज्यसभेने ऑगस्ट 2013 मध्ये मंजूर केलेल्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात घटस्फोटाच्या वेळी पत्नीला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडालं. तेव्हापासून तसा कायदा झालेला नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्यांना ‘लक्ष्मीमुक्ती’च्या नावाने बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं, तेव्हा अनेकांनी ती केली. जे नवऱ्यांनी राजीखुशीने केलं, ते कायद्याला करायला एवढी वर्षं का लागावीत?

समजुतीचा घटस्फोट हा सगळ्यांत सभ्य मार्ग. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 13-ब ने वर्षभर वेगळं राहणाऱ्या जोडप्याला तो दिला. पहिला अर्ज, मग सहा महिने थांबणं, मग दुसऱ्यांदा होकार. ही सहा महिन्यांची वाट परिस्थिती पाहून माफ करता येते असं 2017 मध्ये ठरलं. लोक म्हणतात यात वकिलाचं काय काम, दोघे राजी आहेत ना. वकिलाचं सगळ्यांत बारीक काम इथेच असतं. दुसऱ्या होकारापर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो, त्यामुळे पैसे, दागिने आणि सह्या यांचा क्रम चुकला की एक बाजू पूर्ण उघडी पडते. अटींच्या मसुद्यात ‘दागिने परत केले’ एवढं लिहून भागत नाही. कोल्हापुरी साज किती तोळ्यांचा, गंठण, हुपरीचे पैंजण, कोणत्या तारखेला, कोणासमोर, वजन करून. रक्कम धनाकर्षाने, त्यातली किती पहिल्या अर्जाला आणि किती दुसऱ्याला. कुठला खटला कोण, कधी काढून घेणार. मुलाची पोटगी वेगळी लिहिली पाहिजे, कारण आईने स्वतःची सोडली तरी मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही. ‘एकरकमी घ्या आणि पोराचं काही मागू नका’ या अटीवर सही करणाऱ्या बाईला थांबवणं, तिचा बाप घाईत असला तरी थांबवणं, हे ज्याला जमतं त्यालाच मी कौटुंबिक वकील म्हणेन. संसार पूर्णपणे संपला असेल तर एका बाजूची संमती नसतानाही सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात घटस्फोट देऊ शकतं, असं मे 2023 च्या घटनापीठाने सांगितलं. पण तो अधिकार दिल्लीतल्या एकाच न्यायालयाला आहे. कौटुंबिक न्यायालयाला तो नाही. ज्याला दिल्ली परवडते त्याची सुटका होते.

मुलांचं काय होतं? पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हा 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यातला नियम लोकांना पाठ आहे. त्याच कायद्यात मुलाचं हित सगळ्यांत वर, हे तेवढं पाठ नाही. महिन्यातून दोनदा कोर्टाच्या आवारातल्या खोलीत तासभर बापाला भेटणारं मूल तिथे काय शिकतं, याची काळजी दोन्ही वकिलांनी करायला हवी. भेट शाळेच्या सुट्टीत, आजीच्या घरी, गावच्या जत्रेत का ठेवता येणार नाही? आईचा निरोप बापाला आणि बापाचा आईला पोराच्या तोंडी पाठवू नका, हे सांगायला कायद्याचं कलम लागत नाही. अशील ऐकतो, कारण ते वकिलाने सांगितलेलं असतं. वकिलाच्या शब्दाला तेवढं वजन अजून आहे.

कौटुंबिक न्यायालयाचा 1984 चा कायदा वकिलांबद्दल काहीसा साशंक आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे पक्षकाराला वकील लावण्याचा हक्क नाही, न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. आधी समेटाचा प्रयत्न, समुपदेशक, बंद दाराआड सुनावणी असा त्याचा बाज. कायदा करणाऱ्यांना वाटलं, काळा कोट आला की भांडण पेटतं. ती शंका निराधार नव्हती. पण प्रत्यक्षात परवानगी मिळते आणि वकील येतातच, कारण शपथपत्र, उत्पन्नाचे पुरावे आणि थकबाकीचे अर्ज भरायला लोकांना मदत लागतेच. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला तर जास्तच. बाई कितीही कमावती असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार ती मोफत वकिलाला पात्र आहे. जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय आहे, आणि तिथला वकील ‘फुकटचा’ म्हणून कमी समजू नये.

फीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण अधांतरी काळ वाढण्याचं एक कारण तेही आहे. तारखेगणिक फी घेणाऱ्याला तारीख वाढली तर तोटा नाही. मिळणाऱ्या रकमेतला हिस्सा मागणं तर बार कौन्सिलच्या नियमांनी सरळ बंद केलेलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ते पुन्हा बजावलं. तरीही ‘पोटगीतले एवढे टक्के’ अशी बोली कुठे कानावर आली तर अशिलाने उठून यावं. कामाच्या टप्प्यांवर ठरलेली फी, लिहून घेतलेली, हीच दोघांच्या हिताची.

कोल्हापूरच्या वकिलांनी एक मोठी लढाई जिंकली आहे. कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी चार दशकं मोर्चे, उपोषणं, कामबंद झालं आणि 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं काम सुरू झालं. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचं अपील थेट उच्च न्यायालयात जातं. म्हणजे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गसकट या सहा जिल्ह्यांतल्या बाईला पोटगीच्या अपिलासाठी आता रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागत नाही. तडजोडीनंतरची फिर्याद इथेच रद्द होऊ शकते. मागे लागलं की व्यवस्था हलते, हे या वकिलांना अनुभवाने ठाऊक आहे. आता त्यांनी अंतरिम पोटगीच्या त्या 60 दिवसांच्या मागे लागावं. किती अर्ज मुदतीत निघाले याचा आकडा दर महिन्याला न्यायालयाच्या फलकावर लावायला लावावा, थकबाकीच्या अर्जांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून मागावा, आणि समोरचा वकील तारीख मागायला उभा राहिला की त्याला पहिला विरोध बारच्याच माणसाने करावा.